घाटाची शर्यत: या चुका टाळा, निदान आपल्याच गड्याला तरी पकडू नका

दर हिवाळ्यात तेच. नवी कार्बनची सायकल, नवे बूट, पाच जणांची एकसारखी जर्सी, आणि शर्यत सुटली की पाच जण पाच दिशांना. एकसारखे फेटे वऱ्हाडही बांधतं, म्हणून कोणी त्याला टीम म्हणत नाही.

मी ज्या रस्त्यावर शिकलो त्याच रस्त्याच्या आधाराने सांगतो. सुरूर फाटा ते वाई मोकळं, वाऱ्याचं मैदान. मग पसरणी घाट. मग पाचगणीपासून महाबळेश्वरपर्यंत अठरा-एकोणीस किलोमीटर नुसता खालीवर होणारा रस्ता. सगळ्यांच्या डोक्यात फक्त मधला घाट असतो, आणि तिथेच सगळी गफलत होते.

टीम लागते ती घाटाच्या आधी आणि नंतर

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सपाटीवर ताशी ३५ च्या वेगाने जाताना दुसऱ्याच्या मागे चाक धरून बसलात तर तुमचे पाव हिस्सा तरी कष्ट वाचतात. घाटात वेग १२-१४ वर येतो. तिथे वारा जवळजवळ गप्प असतो आणि तुमची गाठ थेट गुरुत्वाकर्षणाशी पडते, म्हणून मागे बसून फारसं काही मिळत नाही. वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी १३०० च्या आसपास. हा सगळा चढ ज्याचा त्याने, आपापल्या पायांनी चढायचा असतो.

म्हणजे तुमचा सर्वात चांगला चढाईवाला वाईच्या पुलापर्यंत वाऱ्याला तोंड देत आला, तर तुम्ही शर्यत तिथेच कृष्णेत सोडलीत. त्याने पुलापर्यंत एकदाही पुढे येता कामा नये. बाकीच्या चौघांनी आळीपाळीने ओढायचं, म्हणजे पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, आणि घाट सुरू झाल्यावर मागे पडायचं, तेही आनंदाने. हे "आनंदाने" कोणाला जमत नाही. प्रत्येकाला आपला आकडा हवा असतो, संध्याकाळी अ‍ॅपवर टाकायला.

माझी सवय: स्टेमवर, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या दांडीवर, चिकटपट्टी लावून माझं काम कुठे संपतं ते लिहितो. "वाई पूल." बस. तिथपर्यंत जीव काढायचा, पुढे कोण जिंकतंय ते मागून ऐकायचं. पट्टीवर वॉट, हार्ट रेट, झोन असलं काही लिहू नका. दम लागल्यावर ते वाचता येत नाही.

पाळी आली की जोर दाखवणे

नवा मुलगा ओळीत पुढे आला की त्याला वाटतं आता सगळे आपल्याकडे बघतायत. ३४ चा वेग ३९ वर नेतो. मागची ओळ तुटते, शेवटच्याला फट भरायला धावावं लागतं आणि पाच मिनिटांत तो संपतो. पुढे आल्यावर वेग तोच ठेवा. वाऱ्यात आल्यामुळे कष्ट आपोआप वाढतात, तेवढा पराक्रम पुरे. मिनिटभर ओढा, बाजूला व्हा, सावकाश मागे या. दमल्यावर बाजूला व्हायचं नसतं, दमायच्या आधी व्हायचं असतं.

आपल्याच माणसाचा पाठलाग

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तीसुद्धा अक्कल आल्यानंतरच्या वयात.

आमचा एक किडमिडीत पोरगा होता, घाटात माकडासारखा चढायचा. पसरणीच्या अर्ध्यावर त्याने उडी घेतली आणि पाचगणीच्या बाजारातून एकटा चाळीस सेकंद पुढे निघाला. मागे आम्ही चौघे: एका क्लबचे दोघे, दुसऱ्याचा एक आणि मी. आमचे बाकीचे तिघे घाटात कुठेतरी.

मी काय करायला हवं होतं? काहीच नाही. शेवटच्या चाकावर बसायचं, पाणी प्यायचं, डावीकडे उजवीकडे बघायचं. माझा माणूस पुढे आहे, मी कशाला ओढू? त्या तिघांनी ओढावं. त्यांनी त्याला पकडलंच, तर ते दमलेले आणि मी ताजा. नाही पकडलं तर आम्ही जिंकलो. दोन्हीकडून फायदा आमचाच.

पण ते तिघे ओरडायला लागले. "काका, पाळी घ्या की! फुकट बसता काय?" आणि मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, त्यात फुशारकीही होती. त्या दिवशी पाय सुरेख चालत होते आणि ते कोणाला तरी दाखवायचे होते. मी पुढे आलो आणि ओढलं. गुरेघर गेलं, पुढे आमच्या पोराची जर्सी दिसू लागली, मी आणखी ओढलं. मेटगुताडला आम्ही त्याला गाठलं. त्याने मान वळवून बघितलं, तर सर्वात पुढे मी.

पुढचं सांगायला नको. त्या क्लबच्या दोघांनी वेण्णा लेकच्या अलीकडे एकामागून एक उडी मारली. आमच्या पोराच्या पायात काही उरलं नव्हतं, आणि माझ्याही. मी चौथा, तो पाचवा. नंतर तळ्याकाठी मी त्याला मक्याचं कणीस खाऊ घातलं. ते त्याने खाल्लं, बोलला मात्र काही नाही.

मोठ्यांचंही असंच होतं म्हणा. १९८६ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत फ्रान्सचा इनो आणि अमेरिकेचा लेमाँड एकाच टीमचे, तरी इनोने डोंगरात हल्ले चढवले. शेवटी लेमाँड जिंकला, पण आपल्याच माणसाकडे डोळा ठेवत. त्यांना ते परवडतं. आपल्याकडे एका टीमला पाच माणसं जमवतानाच नाकी नऊ येतात.

उपाय साधा आहे. आदल्या रात्री जेवताना म्होरक्या कोण, म्हणजे बाकीच्यांनी कोणाला जिंकवायचं, ते नाव घेऊन ठरवा. "बघू, ज्याचे पाय चालतील तो" हा ठराव नव्हे, पळवाट आहे. आणि आपला गडी पुढे असला की मागे फुकट बसणं यात लबाडी नाही, तेच तुमचं काम आहे. कोणी शिव्या दिल्या तर ऐकून घ्या.

माथ्यालाच शेवट समजणे

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात. मान मोठा आहे, वाद नाही. पण खंडाळ्यापासून पुणं अजून साठ-पासष्ट किलोमीटर राहतं, आणि एकट्या राजाला मागून येणारी चार जणांची फौज सपाटीवर गाठते. माथ्यावर एकटे पोहोचलात आणि पुढे लांब पल्ला असेल, तर थोडं थांबून दोन माणसं सोबतीला घेण्यात कमीपणा नाही.

बाकीच्या, थोडक्यात

घाटाच्या पहिल्या वळणावर जीव खाऊन पळू नका. प्रेक्षक तिथेच असतात, म्हणून सगळे पळतात.

पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने घासेल असं कधी धरू नका. तो हलला तर पडता तुम्ही, तो नाही.

पंक्चर म्होरक्याचं झालं तर एकाने आपलं चाक द्यायचं. पाचही जणांनी थांबून सल्ले द्यायचे नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मागच्या चाकाला ११-२५ ची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच, सर्वात मोठी चकती २५ दातांचीच, म्हणून चढाला जड) लावून पसरणी चढणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांचे गुडघे सांगतील.

भूक लागायच्या आधी खा. जेलची पाकिटं घ्या हवं तर. मी राजगिऱ्याची चिक्की नेतो, खिशात चुरा होतो, पण पोटाला सोसते.

परवाच्या शर्यतीत पुन्हा तसाच प्रसंग आला. आमची एक मुलगी पाचगणीतून एकटी पुढे, मागच्या घोळक्यात मी. "काका, पाळी घ्या!" मी म्हटलं, "पाय गेले रे बाबांनो." त्यांचा विश्वास बसला नाही, कारण मी तेव्हा चिक्की खात होतो.