काकूंची सही आणि माझे चौदा महिने (स्वतःच्या पैशाने फिल्म करायला निघालेल्यांसाठी)

कॅमेरा कुठला घ्यावा, लेन्स कुठली, स्क्रिप्ट कशात टाइप करावी हे मी सांगणार नाहीये. ते तुम्हाला माहितीये, आणि नसेल तर एका रात्रीत कळेल. मी २०१६ ला मिरजेहून पुण्यात आले, फिल्म इन्स्टिट्यूटला दोनदा ट्राय केलं, दोनदा नाही झालं, मग टिळक रोडजवळ एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे एडिटिंगला लागले आणि तेच करत राहिले. त्या पैशातून २०१९ च्या मे महिन्यात माझी पहिली शॉर्टफिल्म शूट झाली. बावीस मिनिटं, चार दिवसांचं शूट, एकूण खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार. ती फिल्म आज बऱ्यापैकी लोकांनी पाहिलीये, पण मधले चौदा महिने ती माझ्या हार्डडिस्कमध्ये पडून होती, कारण मूळ कथेच्या हक्काचा कागद मी नीट केला नव्हता. त्याला शंभर टक्के मी जबाबदार होते, म्हणून हे लिहितेय.

आधी लग्नाच्या व्हिडिओबद्दल, कारण लोक नाक मुरडतात. मुरडू नका. तीन कॅमेऱ्यांचं मिळून वीस-बावीस तासांचं फुटेज, एका कॅमेऱ्याचा आवाज गायब, नवरीची आत्या प्रत्येक फ्रेममध्ये, आणि घरच्यांना चार मिनिटांत रडायचं असतं. कट कुठे मारायचा हे मला तिथे कळलं. त्याआधी मी साडेसात हजार भरून एक वीकेंड वर्कशॉप केलं होतं, त्यात सरांनी दोन दिवस स्वतःचे किस्से सांगितले आणि शेवटी सगळ्यांबरोबर सेल्फी काढला. माझं स्पष्ट मत आहे, ज्या वर्कशॉपमध्ये तुमचं काम कोणी बघत नाही तिथे पैसे भरू नका, त्या पैशात साउंडवाल्याला एक दिवस जास्त घ्या.

आणि मेंटॉर. "पाठव, बघतो" म्हणणारे खूप भेटतील. ते बघत नाहीत. मी एकाच्या मागे आठ महिने होते, शेवटी त्यांनी 'छान आहे, लगे रहो' असा मेसेज केला आणि लिंकवर व्ह्यूज शून्य दाखवत होते. खरा मेंटॉर मला मिळाला तो आमचा साउंड रेकॉर्डिस्ट, वयाने माझ्याहून लहान, सेटवर एक शब्द बोलायचा नाही, फक्त हेडफोन काढून माझ्याकडे बघायचा. तसं बघितलं की समजायचं टेक गेला.

आता माणसं कुठून आणायची. पुण्यामुंबईत असाल तर एकांकिकावाले. पुरुषोत्तम, फिरोदिया या करंडक स्पर्धा केलेली मुलं रात्री दोन वाजता तालीम करू शकतात, प्रॉपर्टी (नाटकाचं सामान) डोक्यावर वाहून नेऊ शकतात आणि 'माझा क्लोजअप कधी' असं विचारत नाहीत (पहिल्या दिवशी तरी). त्यांच्या आवाजाची पट्टी फक्त खाली आणावी लागते, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते ना. आणि बघणारी माणसं हवीत ती फिल्म सोसायटीत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हचं थिएटर आहे. इन्स्टिट्यूटचं गेट माझ्यासाठी उघडलं नाही पण अर्काइव्हच्या शोला मला कोणी अडवलं नाही, आणि माझा कॅमेरामन मला तिथेच मध्यंतरात चहाच्या रांगेत भेटला.

आमचा स्वतःचा अड्डा धायरीत आहे, एकाच्या फ्लॅटवर, महिन्याचा पहिला शनिवार, चादर लावून प्रोजेक्टर. सात-आठ जण. नियम एकच, ज्याचा रफकट (पहिलं कच्चं एडिट) आहे त्याने पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. लई जड जातं. पण 'अहो मला तिथे असं म्हणायचं होतं' हे वाक्य प्रत्येक प्रेक्षकाच्या शेजारी बसून सांगता येत नाही. आणि हो, अशा ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी स्वतःची स्क्रिप्ट घेऊन जाऊ नका. आधी दुसऱ्याच्या शूटवर बूम (लांब दांडीचा माइक) धरा, लायटिंगच्या केबल गुंडाळा, माणसं जेवली का बघा. पैसे देता येत नसतील तर निदान प्रवास आणि नीट जेवण द्या, आणि काय देणार ते आधीच सांगा. 'एक्सपोजर मिळेल' म्हणणाऱ्याच्या शूटवर मी स्वतः परत गेलेली नाही.

आता मुद्द्याचं.

माझी फिल्म एका जुन्या कथेवर आहे. रद्दीच्या दुकानात एक दिवाळी अंक मिळाला, त्यात ती होती, लेखक १९९७ ला गेलेले. मी पहिल्यांदा काय समजले, तर दिवाळी अंकाच्या संपादकांना विचारलं की झालं. नाही. अंकाकडे सहसा छापण्यापुरता हक्क असतो, फिल्मचा हक्क लेखकाकडेच राहतो आणि त्याच्यानंतर वारसांकडे जातो. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून साठ वर्षं. म्हणजे साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून मोकळं. अण्णा भाऊ १९६९ ला गेले, तर २०२९ संपेपर्यंत थांबा किंवा विचारा. माझे लेखक १९९७ चे, म्हणजे थेट २०५७. 'जुनी गोष्ट आहे, कोण विचारतंय' हे डोक्यातून काढून टाका.

तर मी शोधत शोधत त्यांच्या गावी गेले. लेखकांच्या पत्नी, म्हणजे काकू, घरी एकट्या होत्या, चहा-पोहे झाले, गोष्ट ऐकून त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाल्या, "खुशाल कर गं पोरी, ह्यांना आनंदच झाला असता." मी स्वतःला फार हुशार समजत होते म्हणून पर्समधून टाइप केलेला कागद काढला. एका ओळीचा. 'सदर कथेवर लघुपट करण्यास माझी परवानगी आहे.' खाली सही, तारीख, फेब्रुवारी २०१९. एसटीत बसल्यावर मी तो कागद तीनदा काढून बघितला, काय मोठं काम केलं असं वाटत होतं.

लक्षात घ्या, मी तोंडी परवानगीवर नाही अडकले. माझ्याकडे कागद होता. तोंडीवाल्यांचं काय होत असेल देव जाणे.

जुलै २०२३ ला एका ओटीटीवाल्यांनी चार-पाच शॉर्टफिल्म एकत्र घ्यायचं ठरवलं, त्यात माझी होती. पैसे फार नव्हते पण माझ्यासाठी पुढच्या फिल्मचं निम्मं बजेट होतं. त्यांच्या वकीलबाईंनी 'चेन ऑफ टायटल' मागितलं, म्हणजे गोष्ट मुळात कोणाची, तिथून तुमच्यापर्यंत हक्क कसा आला त्याची कागदांची साखळी. मी मोठ्या ऐटीत काकूंचं पत्र पाठवलं. त्यांचा फोन आला, अगदी शांतपणे बोलल्या, आणि दहा मिनिटांत माझी फिल्म माझी राहिली नाही.

पहिली गोष्ट, कॉपीराइट कायद्याचं कलम १९. कागदात किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. फक्त पाच. म्हणजे फेब्रुवारी २०२४ ला संपणार, माझ्याकडे उरले सात महिने. दुसरी, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि मी ती फिल्म मधल्या काळात परदेशातल्या दोन फेस्टिव्हलला दाखवून बसलेले! तिसरी, मोबदला किती ते लिहायला पाहिजे, माझ्या कागदात आकडाच नव्हता. आणि अजून एक, ही मला लागू झाली नाही पण तुम्हाला होईल, कागद झाल्यापासून वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो आपोआप परत जातो, वेगळं काही लिहून घेतलेलं नसेल तर. स्क्रिप्ट घेऊन तीन-तीन वर्षं प्रोड्युसर शोधत फिरणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

आणि सगळ्यात मोठं, काकू एकट्या मालक नव्हत्याच. मृत्युपत्र नाही, म्हणजे हक्क घरादारासारखाच वाटला जातो, काकू, दोन मुलगे, एक मुलगी, चौघांचा. चौघांच्या सह्या पाहिजेत. मुलगी ऑस्ट्रेलियात. मोठे दादा लगेच हो म्हणाले. धाकटे इचलकरंजीत, त्यांचे माग आहेत, ते फोनच उचलेनात.

काही लोक म्हणतील पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर केलेली नव्हती का. केलेली होती की. त्याने तुम्ही लिहिलेली पटकथा अमुक तारखेला तुमच्याकडे होती एवढंच दिसतं, मूळ गोष्टीचा हक्क त्यातून येत नाही. मराठी चित्रपट महामंडळाकडे टायटल नोंदवलं तरी तेच.

चौदा महिने गेले. ओटीटीवाले तीन महिने थांबले आणि माझ्या जागी दुसरी फिल्म घेऊन मोकळे झाले. त्यांना तरी काय बोलणार. त्या दिवसात मी परत लग्नं एडिट करत होते आणि धायरीला जायचं बंद केलं होतं, कारण तिकडे सगळे विचारायचे काय झालं फिल्मचं. हे पण लिहून ठेवते, तेव्हाच जायला पाहिजे होतं. शेवटी वकील मिळाली ती त्या ग्रुपमधल्याच एकाची बहीण.

म्हणून, कागदात लिहून घ्या: कुठली गोष्ट, कुठे कधी छापली, वारस कोण कोण आणि अजून कोणी नाही असं त्यांचं म्हणणं, काय काय करणार (फिल्म, सबटायटल, दुसऱ्या भाषेत डब, फेस्टिव्हल, टीव्ही, ओटीटी), किती वर्षं, 'भारतासह जगभर' हे शब्द, पैसे किती आणि कधी. पाच हजार असू देत, पण आकडा लिहा आणि ऑनलाइन द्या म्हणजे पुरावा राहतो. वकिलाला दाखवा. माझा कागद सप्टेंबर २०२४ ला शंभरच्या स्टॅम्पवर झाला, पुढच्याच महिन्यात शंभरचा बंद होऊन ५०० चा झाला, आयुष्यात तेवढं एक टायमिंग जमलं. वकिलाचे चार हजार गेले. शूटला मी ड्रोन मागवला होता एका दिवसासाठी सहा हजाराला, त्यातले नऊ सेकंद वापरलेत.

गाण्याचंही असंच असतं, शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, दोन्ही लागतात. चहाच्या टपरीवर रेडिओ चालू असेल तर शूटच्या आधी बंद करायला सांगा, नंतर आवाजातून तो काढता येत नाही.

फेस्टिव्हलबद्दल थोडक्यात. मी एकतीस हजार नुसत्या एंट्री फीमध्ये घालवले. दर महिन्याला अवॉर्ड देणारे जे ऑनलाइन फेस्टिव्हल असतात ना, ज्यात ना थिएटर ना प्रेक्षक, ते पोस्टरवर लावायला पानांची नक्षी देतात बाकी काही नाही. मुंबईचं मिफ हे शॉर्टफिल्म, डॉक्युमेंटरी आणि अॅनिमेशनसाठीच आहे, एक वर्षाआड असतं. तिरुवनंतपुरमला केरळवाल्यांचा शॉर्ट-डॉक्युमेंटरीचा फेस्टिव्हल आहे, तिथला प्रेक्षक एकदा अनुभवाच. गोव्याला इफ्फी या आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हलबरोबर फिल्म बाजार भरतो, पण तो फीचरवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या फिल्म करणाऱ्यांच्या कामाचा जास्त. आणि सगळीकडून होकार-नकार येईपर्यंत फिल्म यूट्यूबवर टाकू नका, मावशीने कितीही आग्रह केला तरी.

सरकारी अनुदान मिळतं, अ दर्जा ब दर्जा असं, पण ते मोठ्या चित्रपटांना आणि फिल्म पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर. त्या भरवशावर कर्ज काढू नका. घर, दागिने, आईची एफडी यातलं काहीही लावू नका. नोकरी सोडू नका. २०२५ ला साबर बोंडं या मराठी फिल्मला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये वर्ल्ड सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं तेव्हा मला दिवसभरात अकरा जणांनी तीच बातमी पाठवली, 'बघ, फिल्म स्कूलशिवाय होतं'. होतंच. तिचे दिग्दर्शक रोहन कानवडे इंटिरियर डिझाइन शिकलेले आहेत. पण त्याआधी ते कित्येक वर्षं शॉर्टफिल्म करत होते, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. तुमची पहिली फिल्म वाईट झाली तर काही बिघडत नाही, खरंच नाही, माझ्या फिल्ममध्ये पहिल्या सीनला फोकस गेलेलाय आणि आजवर फक्त एका माणसाने विचारलं. कागद तेवढा वाईट होऊ देऊ नका, तो रिशूट करता येत नाही.

तर ते इचलकरंजीचे धाकटे दादा. शेवटी मी न सांगता गेले. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागत होतं. मी आधीच पैशाचं बोलायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं, म्हणाले, "पैसं कोण मागतंय? बाबांची गोष्ट हाय आणि मला पेपरात वाचून कळतंय. एक फोन करायचा नाय व्हय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी बाहेर येऊन एका बाकड्यावर माझ्या लॅपटॉपवर पूर्ण फिल्म बघितली, बावीस मिनिटं, मधे दोनदा कामगार बोलवायला आला तरी उठले नाहीत.

आता मूळ गोष्टीत एक बैल आहे. महत्त्वाचा आहे. पण जनावर दाखवायचं तर शूटच्या आधी अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी, नंतर त्यांचं ना हरकत पत्र, नाहीतर सेन्सॉरला अडतं, तेवढा वेळ आणि पैसा नव्हता. म्हणून आम्ही बैल दाखवलाच नाही. साउंडवाल्याने बाजारातून घुंगुरमाळ आणली, पोत्यावर आपटत रात्रभर रेकॉर्ड केली, आणि फिल्मभर गोठ्याच्या अंधारातून फक्त ती ऐकू येते. त्याचं लोक फार कौतुक करतात.

दादांनी लॅपटॉप मिटला, कागद घेतला, चारही पानांवर सही केली, आणि पेन परत देताना म्हणाले, "बाकी झ्याक हाय. पण बाबांचा बैल तू घुंगरावरच भागवलास की गं."