किशोरवयीनांमधील आहारविकार : तपासणी आणि उपचार कसे करावेत

आहारविकार असलेली मुलगी डॉक्टरांकडे येते ती बहुधा वेगळीच तक्रार घेऊन : पाळी थांबली आहे, चक्कर येते, दोन घासांतच पोट भरते. जाड होण्याच्या भीतीचा उच्चार आपल्याकडे अनेकदा होतच नाही. उपवास, ॲसिडिटी किंवा परीक्षेचा ताण पुढे केला जातो. म्हणून आधी आई-वडिलांसमवेत आणि मग मुलीशी एकटीशी बोलावे, आणि जेवण टाळणे, आवर न घालता खाणे, मुद्दाम उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या, अतिरेकी व्यायाम व आत्महत्येचे विचार यांविषयी दोष न देता, पण थेट विचारावे. मुलग्यांनाही हेच प्रश्न विचारावेत. त्यांच्याबाबत शंकाच घेतली जात नसल्याने निदान उशिरा होते.

वजनाचा आजचा आकडा फसवा असतो. जुन्या नोंदी मिळवून वाढीचा आलेख काढावा, कारण ७८ किलोंवरून ५६ किलोंवर आलेला मुलगा सडपातळही दिसत नसला, तरी त्याचे शरीर उपासमारीत असू शकते. नाडी व रक्तदाब आडवे झोपवून आणि उभे करून मोजावेत. ईसीजी, साखर, पोटॅशियम, फॉस्फेट व मॅग्नेशियम तपासावे, आणि थायरॉइड, मधुमेह, क्षय व आतड्यांचे आजार नाहीत ना, हेही पाहावे. रक्ताचे अहवाल चांगले आले म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. दिवसा नाडी ५० च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, बेशुद्धी किंवा अन्नपाण्यास पूर्ण नकार असल्यास रुग्णालयात दाखल करावे. तेथे आहार पुन्हा सुरू होताच फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकते, म्हणून पहिले काही दिवस ते रोज तपासावे.

प्रकृती स्थिर असल्यास ॲनोरेक्सियासाठी (अन्न टाळून वजन धोकादायकरीत्या घटवण्याचा आहारविकार) कुटुंबाधारित उपचारपद्धतीला प्राधान्य द्यावे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आलेल्या या पद्धतीत आई-वडिलांना दोषी धरले जात नाही, उलट काय आणि किती खायचे याचा निर्णय काही काळ त्यांच्या हाती सोपवला जातो. तीन जेवणे आणि दोन-तीन वेळचे खाणे यांना कोणीतरी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. ताटावर कॅलरींचा वाद घालू नये, आणि ‘किती छान बारीक झालीस’ असे कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना आधीच सावध करावे. वजन सावरल्यावर ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने मुलीकडे परत द्यावी. यास साधारणतः सहा महिने ते वर्ष लागते.

ॲनोरेक्सियात औषध अन्नाची जागा घेत नाही. बुलिमियात (आवर न घालता खाऊन मग उलटी, जुलाब अशा उपायांनी ते भरून काढण्याचा आहारविकार) मानसोपचारांच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाचा विचार करू शकतात. ब्युप्रोपिऑन हे दुसरे नैराश्यविरोधी औषध मात्र फिट (आकडी) येण्याच्या धोक्यामुळे टाळावे. वजनाचे लक्ष्य एकदाच ठरवून ठेवू नये. मूल वाढत असते, म्हणून उंची मोजून ते दर काही महिन्यांनी पुढे सरकवावे.