चर्चच्या भिंती आत का झुकतात? वाइड अँगलच्या या चुका टाळा

जुन्या गोव्यात, १६६१ साली पुन्हा बांधलेल्या सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये पहिल्यांदा १६ एमएमची, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्स घेऊन गेलो. घरी येऊन पाहतो तर प्रत्येक फोटोत भिंती एकमेकींवर कोसळायच्या बेतात! लेन्स बिचारी निर्दोष. छत मावावं म्हणून मीच कॅमेरा वर उचलला होता.

कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वरच्या टोकाला जवळ येतात. लेन्स जितकी वाइड, तितकं ते जास्त खटकतं. म्हणून स्क्रीनवरची लेव्हल (कॅमेरा कललाय का ते दाखवणारी रेघ) चालू करा आणि कॅमेरा सरळ धरा. मग निम्म्या फ्रेममध्ये फरशीच येते, ही नेहमीची तक्रार. इथे येऊ द्या. या चर्चची जमीन म्हणजे थडग्यांचे कोरीव दगड आहेत, त्यांवर घराण्यांची मानचिन्हं आणि पावलांनी झिजलेली अक्षरं. गुडघा टेकून त्यातला एक दगड अगदी पुढ्यात घ्या, मागे वेदीचं सोनेरी लाकडी मखर. फरशी रटाळ असेल तिथे खालचा भाग नंतर कापायचा. सॉफ्टवेअरनेही रेषा सरळ होतात, पण कडा छाटल्या जातात. तेव्हा चहूबाजूंनी थोडी जागा सोडूनच फोटो काढा.

पुढचा दगड धूसर येतो? फोकस दूरच्या वेदीवर असेल. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) १६ एमएम आणि एफ/८ ला (लेन्सचं छिद्र मध्यम उघडं) दीड-दोन मीटरवर फोकस केलात की दगडापासून मखरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/१६ ची, म्हणजे आणखी बारीक छिद्राची हौस नको, त्यात तपशील उलट मऊ पडतात.

मधोमध उभं राहायचं तर खरंच मधोमध. वीतभर सरकलात तरी दोन्ही बाजू जुळत नाहीत. आणि सोबतच्या मंडळींना कडेला उभं करू नका, चेहरे ताणले जातात. माझ्या मावशीने तो फोटो अजून माफ केलेला नाही.

फ्लॅश बंदच ठेवा. मखरापर्यंत तो पोचत नाही, आणि जुन्या रंगकामावर तो मारूही नये. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे हातातच: आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६००, शटर १/१५ सेकंद, पाठ भिंतीऐवजी दरवाजाच्या चौकटीला टेकवा, कारण भिंतींवर चित्रं असतात. खिडक्या पांढऱ्याफटक जळत असतील तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) एक-दीड स्टॉप कमी उजेडात घ्या (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) आणि सावल्या नंतर उचला. सोन्याच्या मुलाम्यातली नक्षीही त्यामुळे वाचते.