नदीकाठच्या अमेरिकन शहराची अर्थव्यवस्था कशी वाचावी: लुईव्हिलच्या उदाहरणाने

अमेरिकेतील नदीकाठच्या एखाद्या मध्यम शहराचा आर्थिक अभ्यास करू पाहणारा माणूस बहुधा मोठ्या कंपन्यांची यादी करून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. यादीवरून शहरात काय आहे ते कळते; ते याच शहरात का आले आणि पुढे टिकेल का, हे कळत नाही. म्हणून आधी या ठिकाणी माल कशामुळे थांबत होता ते शोधावे, आणि मग आजच्या प्रत्येक उद्योगाला 'इथेच का?' हा एकच प्रश्न विचारत जावे. केंटकी राज्यातील लुईव्हिल हे शहर या पद्धतीच्या सरावासाठी उत्तम आहे, कारण तिथे या प्रश्नाची उत्तरे उद्योगागणिक वेगळी मिळतात.

पहिले काम नकाशाचे. पिट्सबर्गपासून इलिनॉय राज्यातील कैरोपर्यंत 981 मैल वाहणाऱ्या ओहायो नदीत नौकांना अडवणारा नैसर्गिक खडकाळ उतार एकाच जागी, आजच्या लुईव्हिलपाशी, होता, आणि तिथे दोनेक मैलांत पाणी सुमारे 26 फूट खाली येत असे. नदी कमी असली की नौका रिकामी करायची, माल गाड्यांवर लादून उताराखाली न्यायचा आणि तिथे पुन्हा चढवायचा, हा खटाटोप चुकत नसे. 1778 मध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांनी वसवलेल्या वस्तीला हमाल, गाडीवाले, गोदामे, आडते आणि उधारी देणारे सावकार मिळाले ते या अडचणीमुळे. मात्र 1830 मध्ये या उताराला वळसा घालणारा कालवा सुरू झाला आणि थांबण्याचे कारण दुबळे झाले. अभ्यासकाने इथे मुद्दाम रेंगाळावे: जन्माचे कारण गेल्यावर शहराने काय केले, या प्रश्नात त्याचा स्वभाव दिसतो. लुईव्हिलने रेल्वे धरली. 1859 मध्ये नॅशव्हिलपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गासाठी शहराने स्वतःचाही पैसा घातला, आणि उत्तरेचा माल दक्षिणेला विकणारी पेठ म्हणून त्याचे बस्तान टिकले.

यानंतर नदीवरील आजच्या वाहतुकीचे आकडे पाहावेत, पण जपून. त्याच उताराजवळच्या मॅकअल्पाइन येथील प्रत्येकी 1,200 फूट लांबीच्या दोन लॉकमधून (पाण्याची पातळी वरखाली करून नौका पार करणाऱ्या दरवाजेबंद कोठ्यांमधून) पंधरा बार्जचा, म्हणजे सपाट मालवाहू नौकांचा, ताफा टगबोटीसह एका खेपेत पार होऊ शकतो, आणि एका बार्जमध्ये सुमारे 1,500 टन कोळसा, खडी किंवा धान्य मावते. हे टन मोठे दिसतात, पण त्यांतील बराच माल शहरासमोरून थेट पुढे जातो. जो माल उतरत नाही, त्यावर शहरात फार थोड्यांना काम मिळते. वाहतुकीचे टन आणि शहराचा रोजगार यांची गल्लत हा या विषयातला सर्वांत सामान्य दोष आहे.

आता उद्योग एकेक करून घ्यावेत. बर्बन या मक्याच्या व्हिस्कीपासून सुरुवात करणे मोहाचे असते. चुनखडीतून झिरपलेल्या पाण्यामुळे ती इथे चांगली बनते, ही कथा पर्यटकांना हमखास ऐकवली जाते; तिच्यात तथ्य आहे, पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका असावा आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरावी, असा नियम आहे; 1964 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवले. याचा अर्थ असा की ब्राउन-फोरमनसारख्या मद्य बनवणाऱ्या कंपनीचे भांडवल वर्षानुवर्षे गोदामात पडून राहते आणि ते दुसऱ्या राज्यात हलवणे सोपे नसते. अशा पिंपांवर केंटकीत मालमत्ता कर लागतो; 2023 च्या कायद्याने तो 2026 ते 2043 या काळात टप्प्याटप्प्याने रद्द होणार आहे, आणि त्याचा भार ज्यांना तो महसूल मिळत होता त्या काउंट्यांवर (म्हणजे जिल्ह्यांवर) व शाळांवर पडणार आहे. उद्योगाची भरभराट आणि गावाचा महसूल एकत्र चालतात असे गृहीत धरू नये.

फोर्डचे दोन मोठे कारखाने आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस उभा राहिलेला अप्लायन्स पार्क हा घरगुती उपकरणांचा कारखाना यांचे उत्तर निराळे आहे: सपाट जमीन, रेल्वे, आणि देशाच्या मोठ्या बाजारपेठांपासून बेताचे अंतर. अप्लायन्स पार्कमध्ये 1970 च्या दशकात वीस हजारांहून अधिक माणसे काम करीत होती. 2016 मध्ये हा व्यवसाय चीनच्या हायर कंपनीने विकत घेतला. अशा ठिकाणी मालकी कुणाची आहे, यापेक्षा गुंतवणुकीचा निर्णय कोणत्या शहरात होतो, हे टिपून ठेवावे.

सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण विमानतळाचे आहे. यूपीएस या पार्सल कंपनीचे वर्ल्डपोर्ट हे पार्सलांच्या वर्गवारीचे केंद्र 2002 मध्ये सुरू झाले, आणि तिथे तासाला चार लाखांहून अधिक पार्सले वेगळी होऊ शकतात. रात्री विमाने उतरतात, माल खाली येतो, फिरवला जातो आणि पहाटेपूर्वी पुन्हा चढतो. नदीच्या उतारापाशी जे घडत होते तेच इथे घडते. फरक इतकाच की इथला थांबा निसर्गाने नव्हे, कंपनीच्या वेळापत्रकाने निर्माण केला आहे. रात्रपाळीला माणसे टिकत नसल्यामुळे 1998 मध्ये मेट्रोपॉलिटन कॉलेज हा कार्यक्रम आखला गेला, ज्यात रात्री काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची फी भरली जाते. एखाद्या उद्योगाची खरी निकड पाहायची असेल, तर तो कामगारांना पगाराशिवाय काय देतो ते पाहावे.

ह्युमाना या विमा कंपनीला मात्र नदीचे, रेल्वेचे, विमानतळाचे कोणतेच कारण लागू पडत नाही. ती 1961 मध्ये एका नर्सिंग होममधून सुरू झाली आणि तिचे संस्थापक इथले होते, एवढेच उत्तर. मुख्यालये शहराला सर्वांत सैल बांधलेली असतात. केएफसीचे लुईव्हिलमध्ये असलेले अमेरिकेतील मुख्यालय टेक्ससमधील प्लेनोला हलवण्याचा निर्णय 2025 मध्ये जाहीर झाला.

कारणे लिहून झाल्यावरच आकड्यांकडे वळावे. कामगार सांख्यिकी ब्युरो दर तिमाहीला काउंटीनिहाय रोजगार आणि वेतन प्रसिद्ध करतो. एखाद्या उद्योगाचा शहरातील नोकऱ्यांमधला वाटा काढून त्याला देशातील वाट्याने भागावे. शहरात 6 टक्के आणि देशात 2 टक्के असेल तर उत्तर 3 येते, म्हणजे तो उद्योग बाहेरच्यांसाठी उत्पादन करतो असे मानता येते. मात्र एखाद्या उद्योगात एक-दोनच कंपन्या असतील तर गोपनीयतेसाठी आकडा झाकला जातो, आणि नेमका हवा तोच आकडा बऱ्याचदा झाकलेला असतो. अशा वेळी कंपनीचा वार्षिक अहवाल चाळावा.

सीमांकडेही लक्ष हवे. 2003 मध्ये शहर आणि जेफरसन काउंटी यांचे प्रशासन एक झाले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना फसवी ठरते. शिवाय नदीपलीकडे इंडियाना राज्य लागते. तिथून रोज पूल ओलांडून येणारा कामगार लुईव्हिलमध्ये वेतनावर 1.45 टक्के स्थानिक कर भरतो, तर रहिवासी 2.2 टक्के भरतो. म्हणून मोजणी नेहमी दोन्ही काठ मिळून करावी.

शेवटी बंद पडलेल्या कामांची यादी तयार करावी, कारण उद्घाटनांच्या बातम्या आपोआप समोर येतात, बंदच्या शोधाव्या लागतात. ब्राउन-फोरमनचा लुईव्हिलमधील पिंपांचा कारखाना 2025 मध्ये बंद झाला. समोरच्या काठावर जेफरसनव्हिलमध्ये एकोणिसाव्या शतकापासून नौका बांधल्या जात होत्या. तिथली जेफबोट गोदी 2018 मध्ये थांबली. बार्ज आजही तिच्यासमोरूनच जातात.