चालू धंद्याचं डॉट कॉम सोडून छोटं एक्स्टेंशन घ्यावं का?

माझं मत विचाराल तर मेन साइट हलवू नका. डॉट को, डॉट आयओ अशी एक्स्टेंशन्स (साइटच्या नावाचा शेवटचा भाग) दिसायला भारी वाटतात पण गिऱ्हाईक सवयीने डॉट कॉमच टाइप करतं. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक या ऑनलाइन दुकानाने २०११ मध्ये ओ डॉट को असं नाव पुढे केलं, लोक ओ डॉट कॉम टाकत बसले आणि कंपनीला जुन्या नावावर यावं लागलं. एवढी जाहिरात करून ही गत! एक्स्टेंशन छोटं केलं म्हणून गुगलमध्ये रँक वाढत नाही, उलट ईमेल, व्हिजिटिंग कार्ड, जुन्या लिंका सगळंच बदलत बसायचं.

त्यापेक्षा छोटं नाव घ्या आणि जुन्या साइटवर रिडायरेक्ट करून ठेवा (म्हणजे ते टाकलं की आपोआप जुनी साइट उघडेल), पोस्टरवर छापायला तेवढं पुरतं. आणि हो, डॉट को म्हणजे कोलंबियाचं कंट्री एक्स्टेंशन, तेव्हा रिन्युअलचा रेट आधी बघा, पहिल्या वर्षाच्या ऑफरवर जाऊ नका.

तरी बदलायचंच असेल तर प्रत्येक पानाला ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे त्याच्या नव्या पत्त्यावर नेणारं कायमचं रिडायरेक्ट, लावा (सगळं होमपेजवर ढकलू नका), सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं टूल) पत्ता बदलल्याचं कळवा, आणि जुनं डोमेन (साइटचं नाव) अजिबात सोडू नका, दुसऱ्या कुणी उचललं तर तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारे ईमेलही त्याच्याकडे जातील.