पेट्रोल घ्यावी की डिझेल? आधी महिनाभर स्वतःचं रनिंग लिहून काढा

“रनिंग जास्त असेल तर डिझेल घ्या,” हा सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षं दिला जातो. तो रुजला तेव्हा तो बरोबरच होता. २०१२ साली काही महिने पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि तो फरक उरला नाही. पुढे एप्रिल २०२०पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल इंजिन महाग झालं. मारुतीने तर तेव्हापासून डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. त्यामुळे आता नुसत्या रनिंगच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. रनिंग किती, याच्याइतकंच ते कसं होतं हेही बघावं लागतं.

१. महिनाभराची वही करा

सध्याची गाडी असो वा दुचाकी, रोजच्या फेऱ्या लिहा. दोन रकाने पुरेत: वीस मिनिटांच्या आत संपलेल्या फेऱ्या आणि अर्धा-पाऊण तास सलग चाललेल्या फेऱ्या. गावाला जाणं, लग्नसराई, देवदर्शन वर्षातून किती वेळा होतं ते वेगळं मांडा. आठवणीतून लिहू नका. लांबचे प्रवास लक्षात राहतात आणि आकडा नेहमी फुगतो.

२. छोट्या फेऱ्यांचा रकाना मोठा असेल तर इथेच थांबा, पेट्रोल घ्या

बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग धावली की हे आपोआप होतं. सिग्नल-टू-सिग्नल गाडीत ते अर्धवट राहतं.

कोल्हापूरला माझ्या थोरल्या भावाने २०२१मध्ये डिझेल एसयूव्ही घेतली. महिन्याला सातशे-आठशे किलोमीटर व्हायचे, पण जवळजवळ सगळे मुलीची शाळा, वहिनीची बँक आणि मंडई यांतच. एकेक फेरी तीन-चार किलोमीटरची. काही महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. फिटरने इंजिन ऑइलची पातळी बघायची काडी ओढली, फडक्याने पुसून पुन्हा घातली आणि बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेलं होतं, मध्ये कुणी थेंबही घातलेला नसताना. त्याने काडी माझ्या नाकाजवळ धरली, तर डिझेलचा वास. काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी मध्येच बंद झाली की त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि इंजिनाची झीज वाढते. दादाला ऑइल बदलावं लागलं, लॅपटॉप लावून फिल्टर साफ करून घ्यावा लागला, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी निव्वळ गाडी पळवायला हायवेवर जाणं सुरू झालं. ही दोष असलेली गाडी नव्हती. त्या घराला ती चुकीची होती, आणि हे शोरूममध्ये त्याला कुणीही सांगितलं नाही याचा मला आजही राग येतो.

३. हिशेब ऑन-रोड किमतीवर करा

एकाच गाडीच्या, सारख्याच व्हेरिएंटची दोन्ही कोटेशन्स घ्या. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीवर वाहन कर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे, म्हणून हा कर न धरलेल्या एक्स-शोरूम किमतीतला फरक फसवा असतो. इन्शुरन्स आणि कर्जाचं व्याजही त्यात धरा.

समजा, ऑन-रोड फरक दीड लाखाचा. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १४, म्हणजे किलोमीटरला ७.४३ रुपये. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १८, म्हणजे ५ रुपये. एका किलोमीटरला वाचले २.४३. दीड लाख वसूल व्हायला साधारण ६२ हजार किलोमीटर लागतील. महिन्याला ८०० किलोमीटर असतील तर साडेसहा वर्षांच्या आसपास, २५०० असतील तर दोन वर्षांहून थोडं जास्त. डिझेलची सर्व्हिसिंग महाग असते, काही गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावणही भरावं लागतं, तेव्हा मुदत आणखी लांबते. तुमच्या पंपाचे दर घालून हाच हिशेब करा. ॲव्हरेज कंपनीच्या जाहिरातीतलं घेऊ नका. तीच गाडी वापरणाऱ्या दोघा-तिघांना टाकी फुल ते टाकी फुल विचारा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याने ॲव्हरेज थोडं घटतं, तेही धरा.

४. घरच्यांना बसवून चालवा

डिझेलची खरी ताकद कमी आरपीएमवरच्या, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच्या ओढीत आहे. पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि समोर आंबोलीचा घाट, तेव्हा ती जाणवते. सारखा गिअर उतरवावा लागत नाही. टर्बो पेट्रोलने हा फरक बराच कमी केलाय, पण लोड घेऊन घाट चढताना तिचं ॲव्हरेज पडतं. एकट्याने, रिकाम्या रस्त्यावर घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हने यातलं काहीच कळत नाही. चौघांना घेऊन जा, चढ असलेला रस्ता मागा. पुणे-कोकण, नाशिक-मुंबई अशा फेऱ्या दर आठवड्याला असतील तर मी आजही बिनदिक्कत डिझेलच सांगेन.

५. किती वर्षं ठेवणार?

दिल्लीकडे बदली होण्याची शक्यता असेल तर जपून. तिथे डिझेल गाडीला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं अशी वयाची मर्यादा घातली गेली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे तिच्यात बदल होत गेले, म्हणून जाण्याआधी ताजा आदेश पाहा. सेकंडहँड डिझेल बघत असाल तर आधीच्या मालकाच्या फेऱ्या कशा होत्या ते विचारा आणि ऑइलची काडी स्वतः ओढून बघा.

६. गाडी घरी आल्यावर

पंपावर टाकीचं झाकण उघडताना इंधनाचं नाव मोठ्याने सांगा आणि नोझल बघा. डिझेलमध्ये पेट्रोल पडलंच तर चावी फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. एकदा इंजिन सुरू झालं की गाडीतला इंधनाचा पंप आणि इंजेक्टरपर्यंतचा खर्च अंगावर येऊ शकतो.