आधी उतरायला शिका: पार्कोरची सुरुवात आपल्या मातीतून

मोबाईलवर पार्कोर, म्हणजे धावत-उड्या मारत अडथळे पार करण्याचा खेळ, बघून आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, बॅकफ्लिप कवा शिकवणार?" ती हवेतली उलटी कोलांटी बाजूला ठेवून मी त्यांना एका चिऱ्यावर उभं करतो आणि आवाज न करता खाली उतरायला सांगतो. धप्प आवाज येतो. पुन्हा. पुन्हा धप्प. पहिला आठवडा यातच जातो, आणि तो जायलाच हवा.

चौदाव्या वर्षी मी गोठ्याच्या छपरावरून पिंजराच्या ढिगाकडे उडी टाकली होती. ढीग चुकला, गुडघे ताठ राहिले आणि घोटा सुजला. घरच्यांनी गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने तेल लावून पाय ओढला आणि दुखणं कित्येक महिने लांबलं. उडी मला येत होती, उतरणं कुणी शिकवलं नव्हतं.

हा खेळ फ्रान्सचा. पॅरिसजवळच्या लिस गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या सोबत्यांनी तो घडवला. डेव्हिडचे वडील रेमंड पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. या सगळ्याच्या मुळाशी जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याची व्यायामपद्धत आहे. उपयोगी पडता यावं म्हणून बलवान व्हा, असं तो सांगायचा. जोर-बैठका मारून मोठ्या झालेल्या आपल्या बेळगाव भागाला हे नवीन नाही. वाटेतले अडथळे सफाईने, कमी श्रमात पार करणं म्हणजे पार्कोर. त्यात कोलांट्या आणि स्वतःची ढब आली की फ्रीरनिंग. हे नाव सेबास्टियाँ फुकाँमुळे २००३च्या सुमारास रूढ झालं. घरचे "माकडचाळे" म्हणत असतील तर त्यांना सांगा, आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०१८ साली पार्कोरला आपल्यात घेतलं आणि २०२२ मध्ये टोकियोत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

जागा आणि जोडे

सुरुवातीला गवत किंवा भुसभुशीत माती हवी. शहरात असाल तर टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान सकाळी बरं. गावात असाल तर तालमीसारखी जागा नाही. वस्तादांना विचारा, कुस्तीची वेळ सोडून तासभर मागा. आखाड्यात जोड्यांनी पाय ठेवायचा नाही, हे सांगायला नकोच. बेळगावचा किल्ला, त्यातली कमल बस्ती (जुनं जैन मंदिर), राजहंसगडाचा तट, विहिरीचे कठडे आणि घरांच्या गच्च्या या ठिकाणी सराव करायचाच नाही. जुने दगड आपल्या उड्यांसाठी रचलेले नाहीत.

आपल्याकडे गडगे आणि भिंती जांभ्याच्या असतात. जांभ्याची पकड चांगली, पण तळहात सोलतो आणि कडेचा भाग भुगा होऊन सुटतो. म्हणून हात टेकण्याआधी कडेवर पायाने जोर देऊन बघा. जून ते सप्टेंबर त्यावर हिरवं शेवाळ धरतं, खानापूरकडे तर जास्तच. ते चार महिने सराव छपराखाली करा.

जोडे पातळ, सपाट रबरी तळव्याचे घ्या. शाळेचे कॅनव्हासचेही चालतात. जाड गादीच्या जोड्यात खालची कड पायाला कळत नाही. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा.

उतरणं

दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा: हलकं धावणं, लंगडी, घोटे-मनगटं फिरवणं, वीसेक बैठका. मग गुडघ्याच्याही खालच्या उंचीवरून खाली या. आधी चवडे टेकतात, टाचा अलगद मागून. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकतात. आत कलंडले तर थांबा, उंची कमी करा. बूड टाचांना टेकेपर्यंत खाली बसू नका. जास्तीचा जोर हात पुढे टेकून घ्या. आवाज हाच तुमचा परीक्षक. मांजर भिंतीवरून उतरतं तेव्हा ऐकू येतं का बघा. सलग वीस वेळा आवाज आला नाही की वीतभर उंची वाढवा, त्याहून जास्त नाही.

पुढे वेग असेल तर गुलाटी लागते, पण शाळेतली सरळ कोलांटी नव्हे. सरळ कोलांटीत कणा जमिनीवर घासतो. मातीत चालतं, काँक्रीटवर नाही. इथे उजव्या खांद्याच्या मागच्या भागावरून तिरकं घरंगळत डाव्या कमरेवर यायचं. हनुवटी छातीशी, नजर डाव्या काखेकडे, डोकं जमिनीला लागता कामा नये. आधी उकिडवं बसून करा, मग उभ्याने, चालत, आणि शेवटी उडीनंतर. कुठे खडा टोचल्यासारखं वाटलं की तिथलं हाड टेकलंय असं समजा.

उडी आणि भिंत

नेमकी उडी जमिनीवर खडूच्या दोन रेघा ओढून शिका. अंतर टाचेला बोटं चिकटवत स्वतःच्या पावलांनी मोजा, ढांगांनी नव्हे. पाच पावलांपासून सुरू करा. चवडे रेघेवर आणि शरीर जागच्या जागी थांबलं पाहिजे. एक पाऊल पुढे गेलं तरी ती उडी फसली. दहापैकी दहा जमल्या तरच अंतर वाढवा.

कमरेइतक्या भिंतीसाठी सगळ्यात सुरक्षित रीत ही: उजवा हात आणि डावा पाय भिंतीवर टेकायचा, उजवा पाय दोघांच्या मधून पलीकडे काढायचा आणि त्याच पायावर उतरायचं. चालत शिका, धावत नंतर. दोन्ही बाजूंनी करा, नाहीतर एकच अंग तयार होतं. मधल्या दिवसांत जनावरासारखं चार पायांवर, गुडघे न टेकता मैदान पार करा. खांद्यांना यासारखा व्यायाम नाही.

आठवड्याला तीन दिवस पुरे. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. टाच किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखत राहिलं तर उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवा. पाय मुरगळला तर चोळू नका, कुणाला ओढू देऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा, आणि वजन टाकवत नसेल तर एक्स-रे काढा. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी सराव संपला. उलटी, चक्कर, झोपाळूपणा दिसला की थेट दवाखाना. एकटं कधीच करू नका, आणि सोबत्याने मोबाईल धरण्याऐवजी तुमच्यावर नजर ठेवावी.

आणि बॅकफ्लिप? किमान सहा महिन्यांनी, जाड गादीवर, जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब शिकवणारे जाणकार कमरेला हात देऊन उभे असतील तेव्हाच. तोपर्यंत तो चिरा आहे, आणि न येणारा आवाज.